गेडीस यांचा इंदूर-अहवाल

पुढे १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे प्राध्यापक झालेल्या पॅट्रिक गेडीस यांचा होळकर दरबारास सादर झालेला द्विखंडात्मक अहवाल (१९१८) नगररचनेचा ग्रंथ म्हणून वाचला जातो. परंतु त्यामागील दृष्टीचा खरा प्रत्यय इंदुरातील दिवाळीच्या मिरवणुकीत येतो. जी वस्ती अधिक स्वच्छ होईल तिच्यातूनच मिरवणूक जाईल, असे त्यांनी जाहीर केले. तीत प्लेगच्या उंदराची प्रचंड प्रतिमाही होती. आरोग्य, लोककला आणि मोकळी जागा यांची ही सांगड कोणत्याही नकाशाहून बोलकी आहे. मात्र मार्ग बदलण्याचा अधिकार त्यांना महाराजांकडून मिळाला होता. लोकनियुक्त नगरपालिकेच्या नियोजकाकडे तो नसतो, आणि गेडीस यांच्या प्रशंसकांनी या भेदाकडे पुरेसे लक्ष दिलेले नाही.