फोटोत न मावणारं नाव

संशोधनात वर्गीकरण करायचं म्हणजे नेमकं काय, हे समजून घ्यायला मला स्केटबोर्डिंगमधल्या एका जुन्या वादाची फार मदत झाली. वाद आहे ग्राइंड आणि स्लाइड या कसरतींच्या नावांचा.

मूळ विभागणी सरळ आहे. रेलिंगवर किंवा कठड्यावर बोर्डाखालचा धातूचा ट्रक घासत गेला तर ग्राइंड, लाकडी फळी घासत गेली तर स्लाइड. भांडण सुरू होतं ते 'फ्रंटसाइड' आणि 'बॅकसाइड' या शब्दांपासून. हे शब्द सर्फिंगमधून आले: लाटेकडे तोंड असेल तर फ्रंटसाइड, पाठ असेल तर बॅकसाइड. रस्त्यावर लाटेची जागा रेलिंगने घेतली.

आता गंमत बघा. रेलिंग समोर ठेवून तुम्ही आलात आणि पुढचा ट्रक त्यावरून पलीकडे नेऊन बोर्ड आडवा केलात, तर ती फ्रंटसाइड बोर्डस्लाइड. पण घसरताना तुमची पाठ जाण्याच्या दिशेला! शिवाय त्यासाठी अंग ज्या बाजूला वळवावं लागतं, त्याच बाजूच्या साध्या उडीतल्या वळणाला 'बॅकसाइड' म्हणतात. एकच शब्द, दोन नियम. मागचा ट्रक पलीकडे नेला तर ती लिपस्लाइड. म्हणजे फ्रंटसाइड लिपस्लाइड आणि बॅकसाइड बोर्डस्लाइड या दोन्हींत अंगाची ठेवण जवळपास सारखीच, छाती पुढे. फरक इतकाच की स्वार रेलिंगच्या कुठल्या बाजूने आला.

यावर सुधारकांचं म्हणणं असं की नावं तर्कशुद्ध करा, दिसतं त्यावरून ठेवा. नवशिक्याचा गोंधळ होतो हे खरंच आहे, माझाही झाला. तरी मला हा युक्तिवाद लंगडा वाटतो. 'दिसतं' म्हणजे कुठल्या क्षणी? मधल्या क्षणाचा फोटो हाच पुरावा मानला, तर अवघड भाग नावातून गळून जातो. बोर्ड रेलिंगवर कुठून आणि कसा चढला, हीच तर कसरत आहे. जुनं नाव ओबडधोबड आहे, पण ते प्रवास नोंदवतं, सुधारित नाव नुसती पोज नोंदवेल.

अर्थात जुन्या नावांची भाबडी पूजाही नको. स्मिथ ग्राइंड आणि फीबल ग्राइंड घ्या. दोन्हींत मागचा ट्रक रेलिंगवर आणि पुढचा खाली झुकलेला. स्मिथमध्ये तो आलेल्या बाजूला, फीबलमध्ये पलीकडे. एका कसरतीला माईक स्मिथचं नाव, दुसरीला 'लेचापेचा' अशा अर्थाचं विशेषण. यात पद्धत कसली? एरिक ड्रेसनच्या आडनावावर कोटी करून (सॅलडवर ड्रेसिंग असतं ना!) 'सॅलड ग्राइंड' झालं. क्रुकेड ग्राइंडला के-ग्राइंड म्हटलं की श्रेय एरिक कॉस्टनकडे जातं, पण डॅन पीटरकाचंही नाव घेणारे आहेत. वर्णनाचं नाव घेतलं तर वाद मिटतो, पण माणूसही पुसला जातो. आणि या परिच्छेदात आलेली सगळी माणसं पुरुष आहेत, हेही नजरेआड करू नका.

बॉकर आणि स्टार यांचं १९९९ चं 'सॉर्टिंग थिंग्ज आउट' हे पुस्तक वर्गीकरणाच्या परिणामांबद्दलच आहे. ते वाचताना मला ही रेलिंगच आठवत राहते. समजा, उद्या तुम्ही व्हिडिओंचं कोडिंग करायला बसलात आणि क्लिप नेमकी घसरण्याच्या क्षणापासून सुरू होते. चढण कापलेली. कॅमेरा इतका जवळ की रेलिंगच्या दोन्ही बाजू सारख्याच दिसतात. रकान्यात 'बॅकसाइड बोर्डस्लाइड' लिहिणार की 'फ्रंटसाइड लिपस्लाइड'? मी असते तर 'ठरवता येत नाही' असा तिसरा कोड आधीच करून ठेवला असता, आणि गाइडने कितीही कुरकुर केली तरी तो काढला नसता.