'शोगुन'मधील जपान्यांची भाषा

पाश्चात्त्य लोकप्रिय कथाकादंबऱ्यांना जपानचे जे आकर्षण वाटत आले आहे, त्याची चर्चा बहुधा किमोनो, गेशा आणि सामुराई यांच्याभोवती फिरते. जपानी पात्रांच्या तोंडी लेखक कोणती भाषा घालतो, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. वस्तुतः लेखकाची दृष्टी तेथेच अधिक उघडी पडते.

जॉन ल्यूथर लाँग याची 'मॅडम बटरफ्लाय' ही कथा १८९८ मध्ये प्रसिद्ध झाली. लाँग स्वतः जपानला कधी गेला नव्हता. त्याची नायिका अमेरिकन पतीच्या इच्छेखातर घरात इंग्रजीचाच आग्रह धरते. ती इंग्रजी मात्र मोडकीतोडकी आहे. वाचक तिच्यासाठी हळहळतो, आणि वाक्यागणिक तिला हसतोही. पुच्चिनीच्या १९०४ मधील संगीतिकेत हीच स्त्री इतर पात्रांसारखी निर्दोष इटालियन गाते. तिला लाभलेल्या प्रतिष्ठेत संगीताबरोबर या भाषांतराचाही वाटा मानला पाहिजे.

जेम्स क्लॅव्हेलच्या 'शोगुन'ने (१९७५) ही मांडणी उलटी केली. महायुद्धात जपान्यांच्या कैदेत राहिलेल्या लेखकाने त्यांच्याविषयी इतक्या आदराने लिहावे, ही सामान्य गोष्ट नव्हे. १६०० साली जपानला पोचलेल्या विल्यम ॲडम्सवर बेतलेला त्याचा नायक ब्लॅकथॉर्न येथे अडखळत बोलतो, आणि जपानी सरदार आपसात सफाईने बोलतात. नायकाचे नाव त्यांना उच्चारता येत नाही, म्हणून तेच त्याला 'आंजिन' हे नवे नाव देतात. नायकाबरोबर वाचकही चार शब्द शिकतो आणि आपल्याला जपान कळू लागला, या सुखद भ्रमात पाने उलटतो. कादंबरीच्या लोकप्रियतेचे हे एक मर्म होय.

परंतु ज्या शब्दांचे भाषांतर लेखकाने केले नाही, ते शब्द तपासण्याजोगे आहेत. वाक्याच्या शेवटी येणारा 'ने' हा आपल्या 'ना'सारखा साधा निपात आहे. तोच सारखा कानावर आदळू लागला की त्याचे निव्वळ अलंकरण होते. 'कर्म' या शब्दाची गोष्ट याहून गंभीर आहे. क्लॅव्हेलची पात्रे तो उठता-बसता उच्चारतात. मात्र ही कल्पना बौद्ध धर्माबरोबर चीनमार्गे जपानात गेली आणि तेथे तिला 'गो' असा चिनी वळणाचा शब्द आहे. मूळ संस्कृत शब्द त्या काळच्या सरदाराच्या नित्याच्या बोलण्यात असणे संभवत नाही. तो आला १९७० च्या सुमाराच्या इंग्रजीतून, जेथे त्याला आधीच दैववादाचा वास लागला होता. पाश्चात्त्य वाचकाला मरणाविषयी बेफिकीर असा जपानी हवा होता. त्याच्या मुखी ओळखीचा 'पौर्वात्य' शब्द घातला गेला. भारत आणि जपान यांतला भेद त्या एका शब्दात पुसला गेला. 'कर्म आपले!' म्हणून कपाळाला हात लावणाऱ्या मराठी वाचकाला तर ही लबाडी अधिकच सहज पचावी.

एडवर्ड सईद यांचा 'ओरिएंटॅलिझम' (१९७८) हा ग्रंथ मुख्यतः अरब-इस्लामी जगाविषयी आहे. पाश्चात्त्यांची वसाहत कधीच न झालेल्या जपानला त्याचे निष्कर्ष जसेच्या तसे लावता येत नाहीत. येथे तुच्छतेपेक्षा कौतुकाचीच चिकित्सा अधिक करावी लागते.

१९८० च्या दूरचित्रवाणी मालिकेत जपानी संवाद बव्हंशी भाषांतराविना ठेवले होते. प्रेक्षक नायकाच्या अज्ञानात सहभागी होई. २०२४ च्या मालिकेत बहुतेक संवाद जपानीत असून त्यांखाली भाषांतर दिले आहे. त्यामुळे जपानी सरदार आपसात काय ठरवितात, हे आता ब्लॅकथॉर्नच्या आधी प्रेक्षकाला कळते.