'नाइस' म्हणजे नेमकं काय?

मागच्या पावसाळ्यात कॉलेजच्या एका मित्राने त्याची पहिली कथा व्हॉट्सअॅपवर पाठवली. मी मीटिंगमध्ये होतो. चार ओळी वाचल्या आणि 'नाइस रे!' ठोकून दिलं. रात्री त्याने विचारलं, 'शेवट पटला का?' शेवटापर्यंत मी पोचलोच नव्हतो. विषय बदलला.

पुढे जेन ऑस्टिनची 'नॉर्थँगर अॅबी' वाचताना मी पकडला गेलो. १८१७ च्या अखेरीस आलेल्या या कादंबरीत कॅथरीन एका पुस्तकाला जगातलं सगळ्यात नाइस पुस्तक म्हणते आणि हेन्री टिल्नी तिची टर उडवतो: नाइस म्हणजे नीटनेटकं ना, मग ते बाइंडिंगवर ठरणार! हवा, फेरफटका, मुली, सगळ्याला एकच शब्द. (आपल्या 'छान'ची गत वेगळी नाही.)

हेन्रीचं म्हणणं पटतं, पण तो चुकतो असंही मला वाटतं. त्याला हवा असलेला काटेकोर, चोखंदळ हा अर्थसुद्धा मूळचा नाहीच. शब्द आला लॅटिन 'नेस्किउस'वरून, म्हणजे अजाण. मध्ययुगीन इंग्रजीत नाइस माणूस म्हणजे मूर्ख माणूस! 'छान' हा अर्थ रुळला अठराव्या शतकात. ऑस्टिनही हेन्रीला सोडत नाही. त्याची बहीण तोच शब्द जुन्या अर्थाने त्याच्यावर उलटवते: तू चोखंदळ आहेस, शहाणा नाहीस.

शिवाय कॅथरीनचं नाइस ढिलं असेल, खोटं नाही. ती त्या पुस्तकात पार बुडालेली आहे. माझ्या नाइसमागे चार ओळी होत्या.

लिनक्समध्ये 'नाइस' नावाची कमांड आहे. प्रोसेसला उणे २० ते १९ मधला आकडा द्यायचा. आकडा जितका मोठा, तितकी ती प्रोसेस मागे सरकून इतरांना प्रोसेसरचा वेळ देते. मशीनवर नाइस म्हणजे आपला वेळ दुसऱ्याला देणं. मी तो शब्द माझा वेळ वाचवायला वापरला होता.

एका रविवारी कथा पूर्ण वाचली. शेवट पटला नाही. का पटला नाही ते लिहून पाठवलं. त्याने लगेच फोन केला आणि पाऊण तास भांडला.