वरातीतला जॅम बँड आणि 'बँजो'ने टाळलेलं हसू

आमच्या बुलडाणा जिल्ह्यात लग्नाची वरात मारुतीच्या पारापाशी अडली की बँडवाले गाणं संपवत नाहीत. पोरं दमेपर्यंत, नोटा ओवाळणं थांबेपर्यंत तेच कडवं फिरत राहतं. मधेच कुणी दुसऱ्या गाण्याचा तुकडा घुसवतो, ढोलवाला लय बदलतो आणि बऱ्याच वेळाने सगळे परत मुखड्यावर येतात. अमेरिकेत असं एकच गाणं ताणत, सुचेल तसं वाजवणाऱ्यांना 'जॅम बँड' म्हणतात. ग्रेटफुल डेड हे त्यांतलं सगळ्यांत मोठं नाव.

या जॅम बँडवाल्यांची टिंगल करणारा एक सिनेमा आहे, 'इलेक्ट्रिक अॅप्रिकॉट' (२००६). मॉक्युमेंटरी, म्हणजे डॉक्युमेंटरीचा आव आणलेली गोष्ट. एक धडपडणारा बँड 'फेस्टरू' नावाच्या फेस्टिव्हलपर्यंत पोचायला निघालाय आणि कॅमेरा त्यांच्या मागे आहे. सिनेमा केला लेस क्लेपूलने, जो स्वतः प्रायमस या बँडचा बासिस्ट. ड्रमरचं कामही त्यानेच केलंय. गंमत म्हणजे ग्रेटफुल डेडचा बॉब विअरसुद्धा यात दिसतो. ज्यांच्या जगाची खिल्ली उडवायची, तेच खिल्लीत सामील.

या प्रकाराचा आजोबा म्हणजे 'धिस इज स्पायनल टॅप' (१९८४). त्यात स्टेजसाठी अठरा फुटांचा दगड हवा असतो, पण कागदावर चुकून अठरा इंच लिहिलं जातं आणि तेवढाच दगड बनून येतो. आपण पोट धरून हसतो. पण त्यातले नट आपली वाद्यं खरोखर वाजवतात, गाणीही त्यांनीच रचलेली. म्हणून हसता हसता तो फसलेला बँड आपलासा होतो.

आपल्याकडे याच्या जवळ जाणारा सिनेमा शोधला, तर रवी जाधव यांचा हिंदी 'बँजो' (२०१६) सापडतो. तो मॉक्युमेंटरी नाही, पण बँड तसाच धडपडणारा. रितेश देशमुखचा तराट मुंबईच्या वस्तीत बँजो वाजवतो आणि पुढाऱ्यासाठी वसुलीही करतो. बँजोवाला म्हणवून घ्यायची त्याला लाज वाटते. ही लाज खरी आहे. आपला बँजो म्हणजे टाइपरायटरसारखी बटणं असलेलं, जपानी ताइशोगोतोच्या कुळातलं वाद्य. मिरवणुकीत सगळे त्यावर नाचतात, पण वाजवणाऱ्याचं नाव कुणी विचारत नाही.

पण सिनेमा या लाजेपाशी थांबत नाही. न्यूयॉर्कहून क्रिस येते, रेकॉर्डिंग ऐकून वादकाला शोधते आणि मग तराट भराभर रॉकस्टार दिसायला लागतो. बँड वाईट वाजवतोय, सूर सुटलाय, समोर माणसंच नाहीत, असा लक्षात राहणारा एकही प्रसंग मला आठवत नाही. दिग्दर्शकाला आपल्या माणसांवर कुणी हसू नये असं वाटलं असावं. हेतू चांगलाच, पण त्याने माणसं पुतळ्यासारखी झाली. ज्याच्यावर हसायचीही भीती वाटते, त्याच्याशी दोस्ती कशी होणार?

हे मी ऐटीत सांगतोय, पण माझा हिशेब वेगळाच आहे. इंजिनिअरिंगला असताना गावाकडच्या एका लग्नात मी बँडचा व्हिडिओ काढला होता. क्लॅरनेटवाले काका वरच्या पट्टीत गेले आणि सूर फाटला. तेवढाच तुकडा कापून, खाली हसणारे इमोजी टाकून मी ग्रुपवर टाकला. मित्र लोळून हसले. जेवणाच्या पंगतीत ते काका शेजारी येऊन बसले आणि म्हणाले, "भाऊ, तुम्ही व्हिडिओ काढला ना? आवाज बराबर आला का?" मी 'हो' म्हणालो आणि मोबाइल खिशात टाकला.

क्लेपूलला तसा मोबाइल लपवावा लागला नसता. फाटलेला सूर त्याचाही असतो. माझ्या व्हिडिओत मी कुठेच नव्हतो, फक्त कॅमेऱ्यामागे होतो. 'बँजो'ने हसणं टाळलं आणि मी फक्त हसलो. दोघांनीही त्या माणसाला नीट पाहिलं नाही.

मराठीला हे जमणार नाही असं अजिबात नाही. उमेश कुलकर्णींच्या 'वळू'मध्ये (२००८) डुरक्याला पकडायला आलेल्या फॉरेस्ट अधिकाऱ्याचा भाऊ डॉक्युमेंटरी काढत फिरतो. कॅमेरा दिसला की गावकरी जरा ताठ होतात, जरा फुगवून बोलतात. आपण त्यांना हसतो आणि त्यांच्यात आपला काका, सरपंच, शेजारी ओळखतो. तोच कॅमेरा एकदा बँडच्या गाडीत बसायला हवा. सुपारीची रक्कम वाढवून मागताना, डीजेवाल्याला शिव्या देताना, पावसात गणवेश भिजल्यावर कुणी कुणाला काय बोललं ते टिपायला हवं.

मात्र तो सिनेमा बँडमध्ये वाजवलेल्या कुणीतरी काढावा. आणि त्यात क्लॅरनेटवाल्या काकांनी विचारलेल्या प्रश्नाला खरं उत्तर द्यावं. "नाही काका, तिथं सूर फाटला. पण पारापाशी तुम्ही जे वाजवलं ना, ते मला अजून आठवतंय."