शिडाच्या जहाजावरील विद्यार्थिजीवन आणि सागरविज्ञान : एक चिकित्सक विचार

प्रस्तावना

शिडाच्या जहाजावरील समुद्रप्रवासाची चर्चा प्रायः साहसाच्या अंगाने होते. वादळे, एकाकीपणा, जिद्द आणि बंदरातील स्वागत हे तिचे ठरलेले विषय होत. अशा जहाजावर विद्यार्थी विज्ञान शिकतात तेव्हाही त्यांच्या अनुभवसमृद्धीचे कौतुक करून ही चर्चा थांबते. वस्तुतः या शिक्षणाचे खरे मोल पुनरावृत्तीत आहे. तेच माप त्याच पद्धतीने पुनःपुन्हा घेण्याची शिस्त विद्यार्थ्याला लागते काय, आणि त्या मापाचा विज्ञानाला उपयोग होतो काय, ही त्याची कसोटी होय. या कसोटीवर अमेरिकेतील एक दीर्घकालीन उपक्रम आणि गोव्यात बांधलेल्या नौकांवरील नौदलाच्या सागर परिक्रमा यांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

जहाजावरील दिनक्रम आणि त्याचे फलित

अमेरिकेत १९७१ साली स्थापन झालेल्या सी एज्युकेशन असोसिएशन या संस्थेने पदवीपूर्व विद्यार्थ्यांना शिडाच्या जहाजावर सागरविज्ञान शिकविण्याची पद्धती रुजविली. ‘वेस्टवर्ड’, ‘कॉर्विथ क्रेमर’ आणि ‘रॉबर्ट सी. सीमन्स’ ही तिची जहाजे. काही आठवडे किनाऱ्यावर अध्ययन आणि नंतर काही आठवडे समुद्रावर, अशी शिक्षणक्रमाची रचना होती. जहाजावर विद्यार्थ्यांचे गट पाडून रात्रंदिवस पाळ्या लावल्या जात. सुकाणू धरणे, शिडे चढविणे, टेहळणी, स्वयंपाकघरातील मदत आणि प्रयोगशाळेतील नमुन्यांची तपासणी ही सर्व कामे त्यांच्याकडे असत. विद्यार्थी येथे प्रवासी नसतो. त्याने काम केले नाही तर जहाज चालत नाही आणि नोंदवहीतील रकाना रिकामा राहतो.

या कष्टांचे फलित २०१० साली ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. १९८६ ते २००८ या २२ वर्षांत वायव्य अटलांटिक व कॅरिबियन समुद्रात ६,१०० हून अधिक वेळा पृष्ठभागावरून जाळे ओढण्यात आले होते. एक मीटर रुंदीचे, सुमारे एकतृतीयांश मिलिमीटर छिद्रांचे जाळे दर वेळी साधारण एक सागरी मैल ओढायचे आणि हाती आलेले प्लास्टिकचे कण चिमट्याने वेचून मोजायचे, ही त्याची रीत. हे काम मुख्यतः विद्यार्थ्यांनी केले. ६४,००० हून अधिक कण मोजले गेले. ज्या भागात प्लास्टिक साचते तेथेही २२ वर्षांत त्याचे प्रमाण वाढल्याचे आढळले नाही. प्लास्टिकचे उत्पादन मात्र त्या काळात वाढतच होते. मग उरलेले प्लास्टिक गेले कोठे, हा प्रश्न त्यामुळे ठळकपणे पुढे आला. एका सफरीतील कोणत्याही विद्यार्थ्याला हा प्रश्न दिसणे शक्य नव्हते. तो दिसला केवळ नोंदींच्या अखंडतेमुळे.

या पद्धतीच्या मर्यादाही उघड आहेत. हे शिक्षण खर्चिक असल्याने सर्वांच्या आवाक्यातले नाही. जाळे केवळ पृष्ठभाग पाहते. छिद्रांहून सूक्ष्म असलेले कण त्यातून निसटतात. निरीक्षक दर सफरीला बदलतात. तरीही जाळे, अंतर व मोजण्याची रीत कायम राखल्याने नवशिक्यांच्या नोंदींनाही शास्त्रीय मूल्य प्राप्त झाले.

गोव्यातील नौका

आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेनंतर १ जानेवारी १९६६ रोजी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था स्थापन झाली. दोनापावल येथे तिचे मुख्यालय आहे. ‘म्हादेई’ आणि ‘तारिणी’ या नौदलाच्या शिडाच्या नौकाही गोव्यातच बांधल्या गेल्या. दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये ‘म्हादेई’वरून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. ‘तारिणी’वरील सहा महिला अधिकाऱ्यांनी १० सप्टेंबर २०१७ ते २१ मे २०१८ या काळात प्रदक्षिणा पूर्ण केली. या दुसऱ्या मोहिमेच्या उद्दिष्टांत हवामान व लाटांच्या नोंदी आणि सागरी प्रदूषणाचे निरीक्षण यांचाही समावेश होता. २०२४-२५ च्या परिक्रमेत सूक्ष्म प्लास्टिकच्या नमुन्यांसाठी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे साहाय्य होते.

हे कर्तृत्व निर्विवाद आहे. मात्र या मोहिमांची ओळख साहसाचीच राहिली. विज्ञान त्यांच्यासोबत गेले, पण त्यांच्या केंद्रस्थानी आले नाही. विद्यार्थ्यांचा संबंध तर मुख्यतः स्वागत आणि संवाद यांपुरताच आला. जहाज, संस्था व किनारा ही तिन्ही साधने एकाच राज्यात असूनही पदवीचा विद्यार्थी पाळीवर उभा राहिला नाही. ही उणीव खलाशांची नसून शिक्षणव्यवस्थेची आहे.

महाविद्यालयांपुढील प्रश्न

अखंड नोंदींची परंपरा या किनाऱ्याला नवी नाही. मुंबईच्या अपोलो बंदरावरील भरती-ओहोटीच्या नोंदी १८७८ पासूनच्या आहेत. उत्तर हिंदी महासागराची पातळी वर्षाला सुमारे एक ते पावणेदोन मिलिमीटरने वाढल्याचा अंदाज २००७ साली अशाच दीर्घ नोंदींवरून बांधला गेला.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार महाराष्ट्रातील पदवी अभ्यासक्रमात क्षेत्रीय प्रकल्पाला श्रेयांक मिळाले आहेत. परंतु दरवर्षी नवा गट, नवा विषय आणि नवा अहवाल असा क्रम राहिल्यास त्यातून माहितीची मालिका उभी राहणार नाही. कामतघरच्या वऱ्हाळदेवी तलावात किंवा भिवंडीजवळच्या कामवारी नदीत ठरलेल्या ठिकाणी, ठरलेल्या दिवशी पाण्याचे तापमान, पारदर्शकता आणि खाडीलगतची क्षारता मोजण्यास जहाज लागत नाही. थर्मामीटर, दोरीला बांधलेली पांढरी तबकडी, क्षारतामापक आणि एक नोंदवही पुरेशी आहे. पहिल्या तुकडीने आखलेले रकाने दहाव्या तुकडीने भरावेत, ही व्यवस्था मात्र लागते.

समारोप

शिडाच्या जहाजाचे अनुकरण म्हणजे जहाज विकत घेणे नव्हे. आपल्या नोंदीविना मालिका तुटेल ही जबाबदारी विद्यार्थ्यावर सोपविणे, हे त्या शिक्षणाचे मर्म होय. क्षेत्रीय प्रकल्पाचे मूल्यमापन करताना अहवालाच्या पृष्ठसंख्येपेक्षा मागील तुकडीच्या नोंदी पुढे चालू राहिल्या की नाही, हे आधी पाहिले जावे.