अठरा कोअर आणि अठराविश्वे

मराठी समीक्षकांनी आजवर काय काय पाहिलं नाही? संतकाव्य पाहिलं, पंडिती काव्य पाहिलं, शाहिरी पाहिली, बालवाङ्मयसुद्धा चष्मा पुसून पाहिलं. पण एका अत्यंत विपुल आणि बारमाही बहरणाऱ्या वाङ्मयप्रकाराकडे त्यांचं साफ दुर्लक्ष झालं आहे. तो प्रकार म्हणजे, येऊ घातलेल्या कॉम्प्युटरात प्रोसेसर कुठला असेल आणि त्याची किंमत किती असेल, याविषयीचं भाकितवाङ्मय. या वाङ्मयात नायक कधी रंगमंचावर येत नाही, नायिका म्हणजे किंमत, ती तर शेवटच्या अंकापर्यंत बुरख्यात, आणि तरीही प्रेक्षक वर्षानुवर्षं जागचा हलत नाही! असं यश भल्याभल्या नाटककारांना लाभलेलं नाही.

साहित्यावर बोलण्याचा अधिकार बी.कॉम. झालेल्या बँक कारकुनाला कुणी दिला, असं कुणी विचारील. उत्तर सोपं आहे. हे साहित्य किमतीचं आहे, आणि किंमत या विषयावर बोलायचा परवाना आम्हाला विद्यापीठाने रीतसर शिक्का मारून दिलेला आहे.

या वाङ्मयाचे ढोबळ मानाने तीन संप्रदाय पडतात. पहिला कानगोष्ट संप्रदाय. यातल्या प्रत्येक रचनेची सुरुवात ‘पुरवठादारांच्या गोटातून असं कळतं’ अशा मंगलाचरणाने होते. दुसरा पंचांग संप्रदाय. इंटेलचा नवा प्रोसेसर अमुक महिन्यात निघतो, ॲपलची सभा जूनमध्ये भरते, म्हणजे गुरुबळ आहे, तेव्हा मुहूर्त दिवाळीच्या आत. तिसरा बेरीज संप्रदाय. हा माझा लाडका, कारण यातली मंडळी आमच्याच जातकुळीची. प्रोसेसरचे इतके, मेमरीचे इतके, पडद्याचे इतके, वर कंपनीचा नफा. खाली दोन रेघा ओढल्या की किंमत तयार! बटाटेवड्याची किंमत बटाटे, बेसन आणि तेल यांच्या बेरजेने ठरते, असं मानणारे हे भाबडे जीव. वडा कुठल्या स्टेशनाबाहेर तळला जातो आणि त्या वेळी गिऱ्हाइकाला भूक किती लागलेली असते, हे त्यांच्या खतावणीत कुठेच नोंदलेलं नसतं.

तिन्ही संप्रदायांची खरी परीक्षा ज्या एका यंत्रावर झाली, ते म्हणजे ॲपलचा आयमॅक प्रो. पडदा आणि कॉम्प्युटर एकाच पेटीत, ज्याला ऑल-इन-वन म्हणतात, त्या जातीचा. पण घरगुती हिशेब आणि पाककृतींसाठी नव्हे, तर चित्रपट कापणारे, संगीत बांधणारे, इमारती आखणारे अशा पोटासाठी राबणाऱ्या लोकांसाठी. २०१७च्या जूनमध्ये कंपनीने तो जाहीर केला. सत्तावीस इंची ५के पडदा, आठ कोअरचा झिऑन प्रोसेसर आणि किंमत ४,९९९ डॉलर. चपलांच्या दुकानातला ‘नव्याण्णव’चा मंत्र अमेरिकेतही तसाच म्हणतात, हे पाहून ऊर भरून आला. शिवाय कंपनीने असंही सांगितलं, की याच तोडीचं यंत्र दुसरीकडे घ्यायला जाल तर ७,००० डॉलरच्या वर जाईल. म्हणजे पाच हजार खर्च करायचे आणि दोन हजार वाचले म्हणून पेढे वाटायचे! सेलमधून आलेल्या साडीचा हिशेब ज्याने घरी एकदा तरी ऐकला आहे, त्याला या युक्तिवादाची खोली वेगळी समजावून द्यायला नको.

हा प्रोसेसर अठरा कोअरपर्यंत चढवता येईल, हेही जूनमध्येच सांगितलं होतं. पण चढवायला किती लागतील, ते मात्र नाही. बस्स! सहा महिने भाकितवाङ्मयाचं पीक असं काही आलं, की विचारू नका. १४ डिसेंबरला विक्री सुरू झाली, तेव्हा पडदा वर गेला. दहा कोअरला ८०० डॉलर जादा, चौदाला १,६००, अठराला २,४००. सगळे अलंकार चढवले, तर यंत्र १३,१९९ डॉलरला पडे. अठरा कोअर घरात आले, की घरात अठराविश्वे दारिद्र्य आलंच, हा शब्दश्लेष आमच्या पूर्वजांनी किती आधी करून ठेवला होता पाहा!

पण खरी कसोटी पुढेच होती. २०१९च्या ऑक्टोबरात इंटेलने याच वर्गातल्या प्रोसेसरांची पुढची पिढी जाहीर केली आणि किमती जवळजवळ अर्ध्यावर आणल्या. आधीच्या पिढीतल्या अठरा कोअरच्या प्रोसेसरची यादीतली किंमत २,५५३ डॉलर होती, नव्याची १,३३३. बेरीज संप्रदायात दिवाळी साजरी झाली. एका रकमेत बाराशेहून अधिक डॉलर कमी झाले, म्हणजे खालच्या दोन रेघांखालचा आकडा उतरणारच! नवा प्रोसेसर घातलेला आयमॅक प्रो आता येणार, आणि स्वस्त होऊन येणार. गणित बिनचूक होतं. प्राथमिक शाळेतल्या मास्तरांनी पैकीच्या पैकी गुण दिले असते.

आणि झालं काय? २०२०च्या ऑगस्टमध्ये कंपनीने आठ कोअरचा प्रकार काढून टाकला, दहा कोअरचा पहिल्या पायरीवर आणून बसवला आणि पाटीवरचा आकडा कायम ठेवला, ४,९९९. तो दहा कोअरचा प्रोसेसरही नवा नव्हे; २०१७ सालचाच. निःपक्षपाती समीक्षक म्हणून सांगायला हवं, की ज्याला दहा कोअरच हवे होते, त्याचे ८०० डॉलर वाचले. पण ज्याला कमी पैशांत आत शिरायचं होतं, त्याच्यासाठी दाराची उंची तेवढीच राहिली. गंमत म्हणजे त्याच दिवशी या घराण्यातल्या साध्या सत्तावीस इंची आयमॅकला नव्या पिढीचा दहा कोअरचा प्रोसेसर घेण्याची सोय झाली, आणि त्या आयमॅकची सुरुवातीची किंमत होती १,७९९ डॉलर. धाकट्याला नवा कोट आणि थोरल्याला वडिलांचाच कोट उलटवून शिवलेला, असा प्रकार!

इथे बेरीज संप्रदायाचा मूळ दोष ध्यानात येतो. ही मंडळी समजतात, की आधी यंत्र तयार होतं आणि मग त्याची किंमत काढतात. या प्रकरणात तरी क्रम उलटा दिसतो. आधी किमतीची पायरी बांधली. १,७९९ची एक, ४,९९९ची एक. मग त्या पायरीवर काय बसवायचं ते वेळोवेळी ठरवलं. आत काय आहे ते बदललं, आकडा हलला नाही. आकडा हा त्या यंत्राचा सर्वांत टिकाऊ सुटा भाग निघाला! आमच्याकडे लॉकरचं भाडं लॉकरमध्ये दागिने किती आहेत यावर ठरत नाही. लॉकरच्या मापावर ठरतं. तसंच हे.

किंमत ही बेरीज नव्हे, याचा आणखी एक दाखला देतो. आयमॅक प्रोबरोबर करड्या काळ्या रंगाचे कीबोर्ड आणि माऊस येत. आधी ते सुटे मिळत नसत. २०१८च्या मार्चमध्ये सुटे विकायला काढले, तेव्हा पांढऱ्या-रुपेरी माऊसला ७९ डॉलर आणि काळ्याला ९९. उंदीर तोच, शेपूटही तितकीच नाही; नुसत्या सावळेपणाचे वीस डॉलर! आपल्याकडच्या वधुपरीक्षेत सावळ्या रंगाला जो भाव कधी मिळाला नाही, तो अमेरिकेत उंदराला मिळाला.

तर २०२१च्या मार्चमध्ये आयमॅक प्रो बंदच झाला. पण भाकितवाङ्मय बंद झालं असेल, असं ज्याला वाटतं, त्याला या वाङ्मयाचा प्राण कळला नाही. नायक मेला, म्हणजे पुनर्जन्माचा अंक लिहायला मोकळीक. नवा आयमॅक प्रो येणार, ॲपलच्या स्वतःच्या प्रोसेसरचा, सत्तावीस इंची, २०२२च्या वसंतात, असा गजर सुरू झाला. २०२२च्या मार्चमध्ये आलं काय, तर पडद्यावाचूनचा मॅक स्टुडिओ १,९९९ डॉलरला आणि वेगळा पडदा १,५९९ डॉलरला. सत्तावीस इंची आयमॅक त्याच वेळी यादीतून गेला. पुढे २०२३च्या नोव्हेंबरात कंपनीने स्पष्टच सांगितलं, की सत्तावीस इंची आयमॅक आता काढणार नाही. यावर भाकितकारांचा निष्कर्ष काय? सत्तावीस इंची नाही म्हणाले ना? मग बत्तीस इंची येणार! लग्नाची बोलणी करणाऱ्या एखाद्या चिवट मामांनाही हे सुचलं नसतं. मुलीने ‘हा मुलगा नको’ म्हटल्यावर, ‘म्हणजे हिला उंच मुलगा हवाय’ असं म्हणण्यातलाच हा प्रकार.

इथवर हसून झालं. आता जरा खातं उघडून पाहू, कारण या वाङ्मयाचं बिल कुणीतरी भरत असतं.

भाकितं वाचणारा रिकामटेकडा असेल, तर त्याचं नुकसान काही नाही. पण ज्याचं पोट या यंत्रावर आहे, तो चित्रफितींचा संकलक नव्या प्रोसेसरसाठी २०१९च्या ऑक्टोबरात थांबला, २०२०च्या ऑगस्टमध्ये हिरमुसला, २०२१च्या मार्चमध्ये पोरका झाला आणि २०२२च्या मार्चपर्यंत जुन्याच यंत्रावर रात्री काढत राहिला. थांबण्याची सवय आम्हा बँकवाल्यांनाही आहे. आमचा बारावा द्विपक्षीय करार लागू झाला नोव्हेंबर २०२२पासून आणि त्यावर सह्या झाल्या मार्च २०२४मध्ये. मधले सोळा महिने टक्केवारीची भाकितं जेवणाच्या डब्याबरोबर रोज उघडली जात होती. पण आमच्या थांबण्याला शेवटी थकबाकी मिळते. प्रोसेसरसाठी थांबलेल्याला थकबाकी कोण देणार? त्याचे ते तास कुठल्याच करारात जमा होत नाहीत.

दुसरं बिल याहून मोठं. आपल्या आयकराच्या नियमांत कॉम्प्युटरवरचा घसारा २०१७-१८ पासून ४० टक्के आहे. दरवर्षी उरलेल्या किमतीवर. या दराने ४,९९९ डॉलरचं यंत्र तीन वर्षांनी वहीत सुमारे १,०८० डॉलरचं उरतं, पाच वर्षांनी ३८९चं आणि आठ वर्षांनी ८४चं. बरोबर आठ वर्षांनी, २०२५ साली, ॲपलच्या मॅकओएस टाहो या नव्या प्रणालीने आयमॅक प्रोचं नाव हजेरीपटावरून काढलं. वही आणि कंपनी यांचं असं एकमत क्वचितच होतं. पण ज्याने २०२०च्या ऑगस्टनंतर तो ‘नवा’ दहा कोअरचा घेतला, त्याचंही नाव त्याच दिवशी गेलं. त्याला आठ वर्षं नाहीत, जेमतेम पाच मिळाली. त्याने घेतलं होतं २०२०चं यंत्र, पण त्याची जन्मपत्रिका २०१७चीच होती. भाकितकारांपैकी कितीजणांनी ‘किती कोअर’ या प्रश्नाशेजारी ‘किती वर्षं’ हा रकाना आखला होता?

आणि पडदा? तो तर बिचारा ठणठणीत. प्रोसेसर म्हातारा होतो, पडदा होत नाही. पण ऑल-इन-वन म्हणजे एकत्र कुटुंब. हेडक्लार्क निवृत्त झाला म्हणून त्याच्याबरोबर त्याची खुर्ची, वरचा पंखा आणि भिंतीवरचं घड्याळ यांनाही हातात नारळ देऊन घरी पाठवावं, तशी इथली रीत. जुन्या आयमॅकला केबल लावून नुसता पडदा म्हणून राबवायची सोय २००९ ते २०१४च्या कित्येक मॉडेलांत होती. २०१४त ५के पडदा आला, आणि ती सोय गेली. हौशी कारागीर पेटी खोलून आतला पडदा दुसऱ्या सर्किटवर चालवतात म्हणा. पण तो उद्योग दाताच्या दवाखान्यात स्वतःची दाढ स्वतः काढण्याच्या पंथातला. आमच्या वहीत ८४ डॉलरला आलेल्या त्या पेटीत जो पडदा आहे, त्याच मापाचा आणि तितक्याच ठिपक्यांचा सुटा पडदा हीच कंपनी २०२२ साली १,५९९ डॉलरला विकत होती, हे लक्षात घेतलं म्हणजे हसू जागच्या जागी थिजतं.

हे अटळ होतं, असंही नाही. एचपी कंपनीने २०१२ साली झेड-वन नावाचं सत्तावीस इंची ऑल-इन-वन यंत्र काढलं होतं, १,८९९ डॉलरपासून पुढे. त्याचं झाकण ट्रंकेसारखं उघडायचं, आणि आतले भाग पेचकसाशिवाय काढता-घालता यायचे. आयमॅक प्रोचा प्रोसेसरही तसा सॉकेटात बसवलेला, म्हणजे तत्त्वतः बदलण्याजोगा होता; पण तिथवर पोहोचायचं तर चिकटवलेला पडदा सोलून काढायचा आणि यंत्राचं पोट फाडायचं. लॉकरची किल्ली गिऱ्हाइकाच्या हातात द्यायची आणि लॉकर भिंतीत चिणून टाकायचा, याला आमच्या खात्यात सोय म्हणत नाहीत.

तेव्हा या वाङ्मयाबद्दल माझा अभिप्राय असा. कल्पनाशक्ती उत्तम, भाषा ओघवती, चिकाटी तर वारकऱ्याची. दोष एकच, की हे साहित्य विकत घेण्याच्या दिवसापाशी संपतं आणि गिऱ्हाइकाचा संसार नेमका त्या दिवशी सुरू होतो. पुढच्या भाकितकारांनी कृपा करून दोन ओळी जादा लिहाव्यात: हे यंत्र किती वर्षं टिकेल, आणि मेल्यावर त्यातलं काय उरेल. अठरा कोअर मोजणारे पुष्कळ झाले. अठरावा महिना, अठ्ठेचाळिसावा महिना, शहाण्णवावा महिना मोजणारा एखादा निघाला, तर मी त्याची वर्गणी आगाऊ भरीन. आणि आगाऊ पैसे देणारा बँक कारकून ही बत्तीस इंची आयमॅकपेक्षाही दुर्मिळ वस्तू आहे, हे सुज्ञांना सांगणे न लगे!