चेंडू नसलेला खेळाडू

मंडळी, इथं सोनाळ्यात ‘झुंड’वर बोलताना एक तक्रार आम्ही आधीच मांडतो. नागपूरच्या विजय बारसे सरांच्या कामावर नागराज मंजुळे यांनी हा सिनेमा २०२२ मध्ये आणला. कुणाच्याच हिशेबात नसलेली वस्तीतली पोरं पडद्यावर आली, हे मोठंच काम. पण सामना सुरू झाला की कॅमेरा बहुतांशी चेंडूमागे धावतो आणि ज्याच्या पायाशी चेंडू नाही, तो पुन्हा हिशेबाबाहेर जातो.

९० मिनिटांत एका खेळाडूकडे चेंडू असतो जेमतेम दोन-तीन मिनिटं. मग स्ट्रायकर बाकी वेळ करतो काय? दोन पावलं चेंडूकडे येतो, बचावपटूला सोबत ओढतो आणि गर्रकन वळून त्याच्या पाठीमागच्या मोकळ्या जागेत पळतो. पास नाही आला, तरी सोबत्याला वाट मिळते. २००६ च्या एका माहितीपटात १७ कॅमेरे झिदानवरच रोखलेले होते. तो मधल्या फळीतला. पण चेंडूविना चालणं, थांबणं, बघणं म्हणजे काय, ते तिथं दिसतं.

प्रशिक्षकानंही तसंच बघावं. ‘गोल का नाही केलास?’ याआधी ‘जागा कुणासाठी केलीस?’ असं विचारावं. पास न मिळालेलं धावणं कुणी मोजत नाही. म्हणून पोरं ते दुसऱ्यांदा धावत नाहीत.